धरणीच्या उदरातला गारवा
मराठवाड्याच्या उन्हात घर बांधताना जमिनीकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये

वैशाखाच्या दुपारी अंबडची बाजारपेठ अर्धी मिटलेली असते. आडत दुकानांपुढची वर्दळ सकाळीच उरकते, कापडाच्या दुकानांवरचे पडदे खाली येतात आणि पारा बेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो. गावाच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे पुरातन मंदिर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे नाव मत्स्योदरी. या नावातच ‘उदर’ आहे, आणि उन्हाळ्यात अंबडकरांना ज्या गारव्याची आस लागते, तोही धरणीच्या उदरातच साठलेला आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या व्यापारी कुटुंबांना हे ठाऊक होते. रस्त्याच्या बाजूला पेढी, ढेळजेतून आत गेल्यावर चौक, चौकाभोवती ओसऱ्या, वर मातीचे जाड माळवद आणि एखाद्या खोलीच्या फरशीखाली तळघर, अशी त्यांच्या वाड्यांची रचना असे. तळघरात तिजोरी असे, धान्य असे, आणि भर दुपारी घरातली वृद्ध माणसे तिथे अंग टाकीत. आज हे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. त्यांच्या जागी तीन मजली सिमेंटची घरे उभी राहतात. ती दिसायला देखणी आणि झाडायला सोपी असतात. परंतु उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरा वाजताही तापलेल्या तव्यासारखी असते.

जैन कुटुंबात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वर्षीतपाची आराधना अक्षय तृतीयेला, म्हणजे ऐन वैशाखात, पूर्ण होते. चौविहार करणाऱ्या आजीला सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो. स्थानकात उतरलेल्या साधू-साध्वींना पंखा चालत नाही, मग वातानुकूलन यंत्राचा विषयच नको. अशा घरात आणि अशा स्थानकात गारवा वीज विकत घेऊन आणता येत नाही. तो भिंतीत, छतात आणि जमिनीत असावा लागतो. म्हणून जमिनीखालच्या घराचा विचार हा केवळ वास्तुविशारदांच्या हौसेचा विषय राहत नाही. आपल्या घरातल्या तपस्व्यांच्या आणि वृद्धांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जमीन थंड का असते?

दिवसा ऊन पडते आणि रात्री निवते. ही रोजची उष्णतेची लाट जमिनीत शिरते खरी, पण फार खोल जात नाही. साधारण अर्धा मीटर खाली गेले की दिवस आणि रात्र यांतला फरक जवळजवळ जाणवत नाही. ऋतूंची लाट मात्र अधिक खोल जाते, कारण तिला महिनोन्महिने मिळतात. तरीही तीन-चार मीटर खोलीवर तीही क्षीण होते, आणि तिथल्या मातीचे तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाभोवती थोडेसेच वरखाली होत राहते. मराठवाड्यात ही सरासरी सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सिअसच्या जवळपास आहे. बाहेर बेचाळीस अंश असताना सत्तावीस अंशांची भिंत म्हणजे मोठेच सुख!

यात आणखी एक गंमत आहे. ऋतूंची लाट खाली पोहोचेपर्यंत दोन-तीन महिने उलटतात. पौषातली थंडी तीन मीटर खाली पोहोचते ती चैत्राच्या सुमारास, आणि वैशाखातले ऊन तिथे पोहोचते तेव्हा वर श्रावणसरी कोसळत असतात. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला थंडावा हवा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत जमीन हिवाळ्याची शिल्लक परत करीत असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही मुदतीची ठेव आहे. भरणा हिवाळ्यात होतो आणि परतावा उन्हाळ्यात मिळतो.

हेच तत्त्व जाड माळवदाला लागू पडते. चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब दुपारी तापला की तीन-चार तासांत ती उष्णता खोलीत उतरते, म्हणून संध्याकाळ असह्य होते. फूटभर जाडीच्या मातीच्या थरातून उष्णता यायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि छत पुन्हा निवू लागते. तुळया, त्यांवर लाकडी किलच, त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि सर्वांत वर ठोकून बसवलेली पांढरी माती अशी माळवदाची बांधणी होती. मधोमध सवणे ठेवलेले असे. त्यातून उजेड येई आणि तापलेली हवा वर निघून जाई. माळवदाचे घर जमिनीखाली नव्हते, परंतु जमिनीचा एक थर त्याने डोक्यावर घेतलेला होता.

घराजवळचे दाखले

या ज्ञानाचा शोध घ्यायला दूर जावे लागत नाही. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्या जैन आहेत. नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास त्या कोरल्या गेल्या. त्यांतल्या ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत शिरताना आधी एक उघडा चौक लागतो. तो वरून खाली खोदत नेलेला आहे. मध्यभागी एकाच पाषाणातले मंदिर आणि भोवती दालने. मे महिन्यात वेरूळला गेलेल्या यात्रेकरूने बाहेरचा रखरखीत डोंगर आणि आतल्या दालनातली शीतलता यांतला फरक अंगावर अनुभवलेला असतो. वरच्या कातळाची जाडी हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे तो खोल चौक. सकाळ-संध्याकाळ त्यात ऊन उतरत नाही आणि रात्रीची थंड हवा जड असल्यामुळे तिथेच साचून राहते.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बहुतेकांनी पाहिलेली असते. पण तिथल्या हौदाखालच्या दालनाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरासाठी भूमिगत नहरी बांधल्या. त्याच परंपरेतल्या नहरीने, डोंगरातून जमिनीखालून आणलेले पाणी पुढे पाणचक्कीला मिळाले. चक्कीपुढच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या विस्तीर्ण दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी, तीन बाजूंना जमीन. त्यामुळे उन्हाळ्यात यात्रेकरूंना विसावा घेण्यासाठी ते दालन उपयोगी पडे. यंत्र नाही, वीज नाही, फक्त रचना.

मराठवाड्याच्या बारवांनाही याच मालिकेत ठेवले पाहिजे. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव आता दूरदूर प्रसिद्ध झाली आहे, आणि अंबडमध्येही पायऱ्यांची जुनी बारव आहे. बारवेत एकेक पायरी उतरताना हवा बदलत जाते. पाणी भरायला आलेल्या बायका तिथे क्षणभर टेकत, ते केवळ दमल्यामुळे नव्हे. गावात त्याहून गार जागा दुसरी नसे.

पेव : व्यापाऱ्याचे भूमिगत शहाणपण

जमिनीखालच्या साठवणीचा सर्वांत बोलका दाखला मात्र व्यापाराच्या दुनियेतला आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठीत रोज वापरला जातो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद. आत कडबा किंवा पेंढा लावून माल भरत आणि तोंड मातीने लिंपून बंद करीत.

सांगलीजवळच्या हरिपूर गावाने या पद्धतीने हळदीची बाजारपेठ पोसली. कृष्णेच्या काठची तिथली माती अशी घट्ट, की सुमारे वीस फूट खोल खोदलेली पेवेही ढासळत नसत. त्यांत भरलेली हळद वर्षानुवर्षे टिके, तिला कीड लागत नसे आणि रंगही उतरत नसे. यामागचे शास्त्र सरळ आहे. बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू वाढतो आणि किडीची पैदास होत नाही. तापमानही सारखे राहते. औषधाची फवारणी नको आणि शीतगृहाचे बिलही नको. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. काही तास ते उघडे ठेवायचे, मग दिवा खाली सोडून पाहायचे. दिवा विझला तर अजून थांबायचे. हा नियम मोडल्यामुळे माणसे गुदमरून दगावल्याच्या घटना ठिकठिकाणी घडल्या आहेत.

पुढे २००५ साली कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले. पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिलेला माल काही दिवसांत कुजून गेला. जमिनीने दिलेला विश्वास पाण्याने मोडला. भूमिगत बांधकामाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हरिपूरच्या या दोन्ही बाजू मनात ठेवाव्यात.

जैन समाजाला अभिमान वाटावा असा दुसरा दाखला राजस्थानातला. जैसलमेरच्या किल्ल्यात संभवनाथ मंदिराच्या खाली आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात स्थापन केलेला ज्ञानभांडार आहे. ताडपत्रांवरची अत्यंत मौल्यवान हस्तलिखिते तिथल्या दगडी तळघरात शतकानुशतके सुरक्षित राहिली. आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास प्रदीर्घ परिश्रम करून त्यांची व्यवस्था लावली. मरुभूमीची कोरडी हवा, दगडी भिंती, लहान दार आणि जवळजवळ न बदलणारे तापमान यांनी ग्रंथांचे रक्षण केले. तिथे पाऊस अत्यल्प, म्हणून तळघर तारक ठरले. हीच रचना कोकणात केली असती, तर ग्रंथांना वाळवी आणि बुरशी लागली असती. जमिनीखाली बांधणे चांगले की वाईट, याचे उत्तर त्या जागेचे पाणी देते.

जगात कुठे कुठे?

उन्हाच्या मुलखांत माणसाने सर्वत्र जमिनीचा आश्रय घेतलेला दिसतो. ट्युनिशियातल्या मत्मता गावी मऊ जमिनीत विहिरीसारखा खोल, गोल चौक खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या गावी १९१५ मध्ये ओपल हे रत्न सापडले. रत्नासाठी खणलेल्या बोगद्यांतच खाणकामगार राहू लागले आणि आजही तिथले बरेचसे रहिवासी टेकडीच्या पोटात राहतात. बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना आत चोवीस-पंचवीस अंश असतात. चीनच्या पीतमृदेच्या पठारावर ‘याओदोंग’ नावाची कमानदार गुहाघरे लक्षावधी कुटुंबांची वस्ती झाली.

भारतात या तत्त्वाचा आधुनिक वापरही झालेला आहे. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेने उभारलेल्या ‘रिट्रीट’ या निवासी प्रशिक्षण केंद्रात माणसे जमिनीवर राहतात, पण हवा जमिनीखालून येते. चार मीटर खोलीवर प्रत्येकी सत्तर मीटर लांबीचे चार बोगदे आहेत. बाहेरची हवा त्यांतून ओढली जाते, वाटेत मातीला उष्णता देते आणि निवून खोल्यांत पोहोचते. हिवाळ्यात तीच माती हवेला ऊब देते. संपूर्ण घर जमिनीत नेण्याची गरज नाही, घराचा श्वास तेवढा जमिनीतून नेला तरी पुष्कळ काम होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

धोक्याची बाजू

एवढे वाचून एखादा उत्साही गृहस्थ उद्याच खोदाई सुरू करील, तर त्याने आधी चार गोष्टींचा हिशेब मांडावा.

पहिली गोष्ट माती. अंबड परिसरात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम बहुधा आढळतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. फुगताना ती तळघराच्या भिंतीला आत ढकलते. विटांची साधी भिंत हा रेटा सोसू शकत नाही. तिथे अभियंत्याने आखलेली सळयांची काँक्रीट भिंतच हवी आणि तिच्याबाहेर काळ्या मातीऐवजी मुरमाची भर हवी. फुगणाऱ्या मातीत वरच्या घराच्या पायासाठी तळाशी फुगीर केलेले पाइल वापरण्याची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे.

दुसरी गोष्ट पाणी. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने फार मोठा नाही, पण तो पडतो तेव्हा एका रात्रीत धो धो पडतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात भूजल वर आलेले असते. भाद्रपदात शेजारच्या विहिरीची पातळी किती वर येते, हे पाहिल्याशिवाय तळघराची खोली ठरवणे म्हणजे तोल न करता माल उचलण्यासारखे आहे. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून स्पर्धा परीक्षेचे तीन विद्यार्थी बुडाले. तळघराला एकच वाट असेल, तर पूर आल्यावर तीच वाट पाण्याचीही होते.

तिसरी गोष्ट भूकंप आणि हवा. चीनमध्ये १५५६ साली झालेल्या भूकंपात आठ लाखांहून अधिक माणसे मरण पावली असे परंपरेने सांगितले जाते. त्यांतली असंख्य माणसे मऊ मातीतल्या गुहाघरांखाली गाडली गेली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने तोच धडा दिला. हजारो माणसे आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली दबली. दोष केवळ मातीचा नव्हता. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींना आरपार जाणारे दगड नव्हते, सांधायला चिखल होता आणि वर वर्षानुवर्षे भर घालून वाढवलेले माळवदाचे ओझे होते. त्या पहाटेनंतर मराठवाड्याने माळवदाचा धसका घेतला आणि स्लॅब स्वीकारला. भीती रास्त होती. परंतु गारव्याचे ज्ञानही तिच्यासोबत सोडून देण्याचे कारण नव्हते. हवेच्या बाबतीत पेवाचा नियम आजच्या तळघरालाही लागू आहे : बंद तळघरात जनरेटर, कोळशाची शेगडी किंवा धूर करणारी कोणतीही वस्तू कधीही चालवू नये.

चौथी गोष्ट कायदा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची किमान २.४ मीटर हवी आणि त्याचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर हवे, म्हणजे खिडक्यांना वाव राहतो. तळघराचा उपयोग साठवण, तिजोरीची खोली, वाहनतळ, यंत्रसामग्री अशा कामांसाठी मान्य होतो. निवासासाठी तो सरसकट मान्य नसतो. म्हणून कोणताही आराखडा आधी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाकडून तपासून घ्यावा. आणि कापूस, कापड, तेल, रंग असा पेट घेणारा माल तळघरात कधीही ठेवू नये.

खोदण्याचा प्रश्न

श्रावकाच्या मनात इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. पृथ्वीकाय जीवांची विराधना टाळावी, असे शास्त्र सांगते. श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा व्यवसाय, म्हणजे स्फोटकर्म, गणलेला आहे. मग आपल्या सुखासाठी धरणीचे पोट फोडावे काय?

घर बांधणे हा गृहस्थाचा आरंभच आहे. पाया खणल्याशिवाय घर उभे राहत नाही. प्रश्न आहे तो गरजेचा आणि प्रमाणाचा. बारा फूट बाय पंधरा फूट खोली आठ फूट खोल न्यायची, तर चौदा ब्रासांहून अधिक माती उचलावी लागते. तीच खोली चार फूटच खाली नेली, तर हे प्रमाण निम्म्यावर येते. दुसऱ्या पारड्यात विजेचा हिशेब ठेवावा. दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र तासाला सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते. रोज आठ तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस, म्हणजे एका खोलीसाठी वर्षाला सुमारे हजार युनिट. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळसा जाळून तयार होते. त्यासाठीही कुठेतरी धरणी खणली जाते, अग्नी पेटतो आणि पाणी आटते. डोळ्यांआड होणारी विराधना हिशेबातून वजा करता येत नाही. एकदाच, गरजेपुरते आणि जयणेने खोदणे एका बाजूला, आणि वर्षानुवर्षे चालू राहणारा वापर दुसऱ्या बाजूला. विवेकी श्रावकाने दोन्ही पारडी पाहून निर्णय घ्यावा. जिथे न खोदता काम भागते, तिथे खोदणे मात्र अनर्थदंडच ठरेल.

याच दृष्टीने अंधार आणि ओल यांकडेही पाहायला हवे. अंधाऱ्या खोलीत पायाखालचा जीव दिसत नाही, आणि ओलसर भिंतीवर बुरशी वाढते, किडे होतात. प्रकाश, वारा आणि कोरडेपणा या तीन गोष्टी नसलेले तळघर आरोग्याला घातक आहे, आणि तिथे जयणा पाळणेही अशक्य आहे.

अंबडमध्ये घर बांधायचे झाले तर

या सर्वांचा ताळेबंद मांडला, तर निष्कर्ष स्पष्ट आहे. भर बाजारपेठेत, काळ्या मातीत, संपूर्ण जमिनीखालचे घर परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. जमिनीकडून तत्त्व घ्यावे आणि खोदाई मोजकीच करावी.

पहिला खर्च छतावर करावा. एक-दोन मजली घरात उन्हाळ्यातली सर्वाधिक उष्णता छतातूनच येते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादाच घालून दिलेली आहे, आणि उघडा स्लॅब ती पाळू शकत नाही. स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर उताराचे काँक्रीट आणि वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे काम, ही चांगली पद्धत. खर्च झेपत नसेल, तर पावसाळा संपल्यावर गच्ची स्वच्छ करून चुन्याचे किंवा परावर्तक पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो. वजनदार मातीचे माळवद पुन्हा घालू नये. त्याचे काम हलक्या थराकडून करून घ्यावे.

दुसरा विचार पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारनंतरचे ऊन हिच्यावर येते. जागा असेल, तर या भिंतीबाहेर कमरेएवढ्या उंचीपर्यंत मुरमाची उतरती भर घालावी. भर घालण्याआधी भिंत अभियंत्याकडून मजबूत करून घ्यावी आणि तिला जलरोधक लेप द्यावा. जमिनीखाली न जाता जमीन घराजवळ आणण्याचा हा मार्ग आहे. शेतावरच्या किंवा गावाबाहेरच्या घराला तो अधिक सोयीचा पडतो. जागा नसेल, तर जिने, न्हाणीघर आणि कोठीची खोली पश्चिमेला ठेवावी, म्हणजे ऊन त्या सोसतील आणि झोपायच्या खोल्या मागे राहतील.

तिसरा विचार अर्ध्या तळघराचा. मुरूम किंवा मांजऱ्या वरच लागत असेल आणि भाद्रपदातही भूजल खोल असेल, तरच हा मार्ग धरावा. फरशी जमिनीपेक्षा पाच फूट खाली आणि छत तीन-साडेतीन फूट वर. म्हणजे दोन समोरासमोरच्या भिंतींना वरच्या बाजूस खिडक्या मिळतात. उतरण्याच्या दाराशी रस्त्याच्या पाण्याहून उंच उंबरा हवा, बाहेर पडण्याच्या वाटा दोन हव्यात आणि पाणी ओढून काढायला खड्डा व पंप हवा. जलरोधक काम भिंतीच्या बाहेरून करावे. आतून लावलेला लेप पाण्याच्या दाबापुढे सुटतो. इथे तिजोरी, वह्या, भांडीकुंडी आणि वर्षाचे घरगुती सामान सुखाने राहील.

चौथा विचार चौकाचा. जुन्या वाड्याचा चौक वाया गेलेली जागा नव्हती. घराच्या मधोमध दहा फूट बाय दहा फुटांचा उघडा चौक, त्यात सावली आणि रात्री भोवतालच्या खोल्यांच्या उघड्या खिडक्या. इतके असले तर रात्रीचा गारवा घरात उतरतो. सकाळी आठनंतर खिडक्या बंद कराव्यात आणि सूर्यास्तानंतर उघडाव्यात. ही शिस्त आपल्या आज्यांना घड्याळाशिवाय पाळता येत होती.

जमिनीखालच्या नळ्यांतून हवा घेण्याचा प्रयोग स्थानक, धर्मशाळा, विहारधाम अशा मोकळ्या आवाराच्या इमारतींसाठी विचारात घेण्याजोगा आहे. हवा ओढायला पंखा लागत असल्यामुळे, साधू-साध्वींच्या निवासाच्या खोल्यांत त्याचा उपयोग करावा की नाही, हे संघाने मर्यादेनुसार ठरवावे. तिथे जाड भिंती, उंच छत, सावलीची ओसरी आणि पांढरी गच्ची हाच निर्दोष मार्ग. पावसाळ्यात दमट हवेमुळे नळ्यांत ओल धरते, हे ध्यानात घेऊन त्यांना उतार आणि निचरा द्यावा, आणि त्या महिन्यांत त्या बंद ठेवाव्यात.

जुना वाडा उतरवण्यापूर्वी

अंबडच्या एखाद्या गल्लीत उद्या जुना वाडा उतरवला जाईल. बहुधा त्याला इलाज नसेल. भिंती फुगलेल्या असतील, तुळया कुजल्या असतील, भावाभावांत हिस्से झाले असतील. किल्लारीनंतर अशा भिंतींखाली लेकराबाळांना झोपवण्याचा आग्रह कोणी धरू नये. परंतु कुदळ पडण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने एक दिवस काढावा. वैशाखातल्या एका दुपारी तीन वाजता साधा तापमापक घेऊन घरभर फिरावे : गच्चीवरच्या खोलीत किती, ओसरीवर किती, माळवदाखाली किती, तळघरात किती. हे चार आकडे वहीत लिहावेत आणि नव्या घराचा आराखडा घेऊन येणाऱ्या अभियंत्यापुढे ठेवावेत. आजोबांच्या वाड्याने दिलेला तो शेवटचा जमाखर्च आहे, आणि पुढच्या घराची सुरुवात त्याच पानावरून व्हायला हवी.

त्या घरात पुढे कोणी वर्षीतप करील, कोणी चौविहार पाळील, कोणी पहिल्या उन्हाळ्याचे तान्हे बाळ घेऊन माहेरी येईल. त्यांना सुखाची झोप लागली, तर घर बांधण्याचे पुण्य पदरी पडले असे समजावे.